चादरीपलीकडचा झंस्कार

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या ट्रेकिंग ग्रुपांत चादर ट्रेकचे बेत सुरू होतात. अलीकडे त्या बेतांना एक हळहळही चिकटलेली असते. झंस्कारच्या घळईतून रस्ता निघाला, चादर आता संपत आली, उरली आहे तोवर जाऊन यायला हवं! गोठलेल्या झंस्कार नदीच्या या चादरीवर एकदा चाललेल्या माणसाला असं वाटणं समजण्यासारखं आहे. मात्र या हळहळीत झंस्कारमध्ये राहणारा माणूस कुठेच नसतो, आणि तिथेच ती चुकते.

लडाखमधल्या या खोऱ्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 14 हजार लोक राहतात. पदुम हे मुख्य गाव समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच. कारगिलहून तिथे येणारा रस्ता पेन्झी ला या सुमारे 4,400 मीटर उंचीच्या खिंडीतून येतो आणि बर्फ पडलं की कित्येक महिने बंद होतो. दक्षिणेकडे लाहौलला जोडणारी शिंकू ला खिंड तर त्याहून उंच. अशा वेळी लेह गाठायचं तर एकच वाट उरायची, ती म्हणजे गोठलेली झंस्कार नदी. घरचं लोणी लेहच्या बाजारात विकायला नेणारे शेतकरी याच वाटेने जायचे. हिवाळी सुट्टी संपली की बाप आपल्या लेकरांना लेहच्या शाळेत पोचवायचे तेही इथूनच. चादर हा त्यांचा हमरस्ता होता. ट्रेक तो आपल्यासाठी झाला.

त्या हमरस्त्यावर चालण्याची एक विद्या आहे. पुढे चालणाऱ्या झंस्कारी वाटाड्याच्या हातात काठी असते आणि दर काही पावलांवर तो ती बर्फावर आपटतो. भरीव, बसका आवाज आला तर बर्फ जाड आहे. पोकळ आवाज आला तर खालचं पाणी उतरलंय, वर नुसता पापुद्रा राहिलाय. तो पाऊल उचलून टाकत नाही, तळवा बर्फावरून सरकवत नेतो. मागच्यांनाही तसंच चालायला लावतो. रात्री थंडी कमी पडली तर सकाळी चादर जागोजागी तुटलेली असते, कधी बर्फावरूनच पाणी वाहत असतं. मग काठाच्या कड्याला बिलगून, हाताला लागेल त्या दगडाला धरून पुढे सरकायचं, नाहीतर एखाद्या गुहेत चूल पेटवून नदी पुन्हा गोठायची वाट पाहायची. कुठली गुहा कुठल्या वळणावर आहे, कुठे जळणाला काटक्या मिळतात, कुठल्या अरुंद जागी पाणी कधीच धड गोठत नाही, हे सगळं बापाच्या मागे चालत शिकायचं.

आता रस्त्याचं. निमू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा मार्ग सीमा रस्ते संघटनेने मार्च 2024 मध्ये सलग जोडला. त्याआधी बरीच वर्षं नदीकाठचे कडे सुरुंगांनी फोडले जात होते आणि रस्ता जसजसा आत सरकला तसतशी चालायची चादर आखूड होत गेली. एके काळी पदुमपासून चिलिंगपर्यंत चालावं लागे. आज बहुतेक ग्रुप गाडीने आत जाऊन नेरकच्या गोठलेल्या धबधब्यापर्यंत चालतात आणि परततात. शिंकू ला खिंडीखाली 4.1 किलोमीटरचा बोगदाही होतो आहे. त्याचा पहिला सुरुंग 26 जुलै 2024 रोजी उडाला. तो पूर्ण झाला की मनालीकडून झंस्कारला बारमाही वाट मिळेल.

हा रस्ता हवाच होता. अडलेल्या बाळंतिणीला, हृदयविकाराचा झटका आलेल्या म्हाताऱ्याला उणे पंचवीस अंशांत नदीवरून न्यायची वेळ ज्या घरांवर येऊ शकते, त्यांना ‘तुमची वाट फार सुंदर आहे, ती तशीच राहू द्या’ असं सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? सह्याद्रीतल्या वाड्यांवर रस्ता आला तेव्हाही गडप्रेमींनी अशीच कुरकुर केली होती. तिथली माणसं मात्र आजाऱ्याला डोलीतून उतरवून उतरवून थकली होती.

काळजी करायची तर ती वेगळ्या गोष्टीची. चादरीवर पर्यटक आले ते झंस्कारी पोरांच्या जिवावर. सामान ओढणारे, स्वयंपाक करणारे, बर्फ वाचणारे तेच होते, आणि पैसे थोडे का होईनात, हिवाळ्यात त्यांच्या घरी जात होते. रस्त्याने येणाऱ्या गाडीला वाटाड्या लागत नाही. ती सकाळी येते, धबधब्यापाशी फोटो काढते आणि प्लॅस्टिक मागे ठेवून जाते. बाहेरच्या भांडवलावर हॉटेलं उभी राहिली की त्या हॉटेलांना चोवीस तास नळाचं पाणी लागेल, तेही अशा प्रदेशात जिथे शेती बर्फाच्या वितळत्या पाण्यावर चालते आणि जिथे कुमिकसारख्या गावाला ओढा आटत गेल्याने जुनी जागा सोडून नदीच्या बाजूला सरकावं लागलं. लडाखी घरातला कोरडा संडास, ज्याचं वर्षभरात खत होऊन शेतात जातं, ही तिथल्या हवामानाला पूर्ण जुळणारी सोय आहे. पाहुण्याच्या हट्टापायी ती मोडू नये.

दुसरा मार्ग लडाखमध्येच दिसतो. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक गावात या शतकाच्या सुरुवातीला घरगुती निवासाची पद्धत सुरू झाली. पाहुणे पाळीपाळीने घरोघरी जातात, म्हणजे कमाई एकाच दारात साठत नाही. हिमबिबट्या तिथे गोठ्यात शिरून शेळ्यामेंढ्यांचा फडशा पाडायचा, म्हणून लोकांचा त्याच्यावर राग असे. आज त्याला बघायला येणारा पाहुणा घर चालवायला हातभार लावतो. थिनलास चोरोल यांनी 2009 मध्ये केवळ बायकांनी चालवलेली ट्रेक कंपनी काढली. वाटाड्या बाई आणि मुक्काम गावातल्या घरी, हे त्यांचं सूत्र. राजमाचीच्या उधेवाडीत पिठलं-भाकरी खाल्लेल्या मराठी ट्रेकरला ही व्यवस्था नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

झंस्कारी हिवाळा खरा कळतो तो स्वयंपाकघरात. मधोमध पत्र्याची चूल, तिच्यात शेणी आणि विलोच्या काटक्या, भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने तांब्या-पितळेची भांडी. ती घडवणारे कारागीर चिलिंगचे, नेपाळहून आलेल्या पूर्वजांचं नाव सांगणारे. सगळं कुटुंब त्या एका खोलीत. सातूचं पीठ, खारा लोणीचहा, थुक्पा, जपमाळ, सूत कातणं, पाहुण्याचा पेला रिकामा न ठेवण्याचा आग्रह. हंगेरियन विद्वान अलेक्झांडर चोमा द कोरोश 1823 मध्ये इथे आला, एका लामाकडे बसून तिबेटी शिकला आणि त्यातून 1834 मध्ये कोलकात्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापून निघाला. थंडी त्यालाही सोसवली नसणार. पण तो हिवाळाभर राहिला.

येत्या हंगामात जाणाऱ्यांनी आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारावं: वाटाड्या आणि स्वयंपाकी झंस्कारचेच आहेत का, त्यांचा विमा उतरवला आहे का, त्यांना बूट आणि झोपायच्या पिशव्या आपल्याइतक्याच चांगल्या मिळतात का, कचरा परत लेहला येतो का? आणि बेतात दोन दिवस वाढवून पदुम किंवा झांगलाच्या एखाद्या घरी मुक्काम करावा, त्या घरी रीतसर पैसे देऊन.