पोट्टं इंग्रजीत बुडवायचं म्हणता, पण पाणी आहे कुठं?

अमेरिकेतली गोरी गोरी लेकरं, वय पाच-सहा वर्षं, आणि फडाफडा चिनी बोलताहेत. असले व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सॲपवर आले असतील. खाली लिहिलेलं असतं की लहान वयात मूल कोणतीही भाषा शिकतं. मग हिंगणी असो की सेलू, पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "पाहा भाऊ, ते चिनी शिकून राहिले अन् आपण अजून मराठी शाळाच धरून बसलो." आणि जून लागला की तीन वर्षांचं लेकरू टाय लावून पिवळ्या व्हॅनमध्ये बसतं.

व्हिडिओ खोटे नाहीत, हे आधीच सांगतो. पण त्या शाळा चालतात कशा, हे त्या अर्ध्या मिनिटात कोणी दाखवत नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्याने २००८ साली यासाठी कायदा केला. तिथे मूल अर्धा दिवस चिनी शिक्षकाच्या वर्गात असतं आणि अर्धा दिवस इंग्रजी शिक्षकाच्या. चिनी शिकवणाऱ्याला चिनी अस्खलित येते, तो वर्गात हसतो, रागावतो, गोष्ट सांगतो तेही चिनीतच. आणि त्याच मुलाचं इंग्रजी वाचन-लेखन उरलेल्या अर्ध्या दिवसात पक्कं होत असतं. घरी आई इंग्रजी, आजी इंग्रजी, टीव्ही इंग्रजी. त्याची स्वतःची भाषा कोणी हिसकावून घेतलेली नाही. त्याआधी १९६५ साली कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी घरांतल्या पालकांनी आग्रह धरून मुलांसाठी फ्रेंचमधले वर्ग सुरू करायला लावले. त्या मुलांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी एक साधा फरक मांडला. एक भाषा असताना दुसरी जोडली जाणं वेगळं, आणि दुसरी येताना पहिली वजा होणं वेगळं. युटात आणि सेंट लँबर्टमध्ये बेरीज झाली. आपल्याकडे काय चाललंय?

आपल्या तालुक्यात कुठल्याही गावच्या 'इंग्लिश मीडियम'च्या वर्गात जाऊन बसा. शिकवणारी ताई गावातलीच किंवा शेजारच्या गावची. तिचं सगळं शिक्षण मराठीत झालेलं. तुटपुंज्या पगारावर चाळीस लेकरं सांभाळते बिचारी. ती फळ्यावर इंग्रजी लिहिते आणि अर्थ मराठीत सांगते. पोरं उतरवून घेतात. इंग्रजीत बोलायची वेळ येते ती फक्त लघवीला जायची परवानगी मागताना. याला भाषेत बुडणं म्हणत नाहीत. कोरड्या विहिरीत पोहायला सोडल्यासारखं आहे हे! त्या ताईला मी दोष देत नाही. तिला कोणी इंग्रजी शिकवलं नाही, आणि जे तिला येत नाही तेच शिकवायला उभं केलं. दोष आहे तो फलकावर 'इंग्लिश' लिहून पैसे घेणाऱ्याचा.

शेतकऱ्याच्या घरातलं पोर पाहा. पराटीवर बोंडअळी कुठं असते, सोयाबीन पिवळं कधी पडतं, बोरच्या जंगलातून रानडुक्कर कोणत्या धुऱ्याने येतं, हे त्याला शाळेआधीच ठाऊक असतं. विज्ञान दारातच उभं आहे. पण पुस्तकात 'फोटोसिंथेसिस'चं स्पेलिंग पाठ करायचं, पाच वेळा लिहायचं. पान आणि ऊन यांचा त्याच्याशी काय संबंध, हे विचारायला त्याच्याकडे शब्द नाहीत, कारण मराठीत विचारलं की गप्प बसवतात. घरी आई वही उघडते आणि मिटते. आजीला तर काहीच कळत नाही. मग ट्यूशन. म्हणजे शाळेची फी, व्हॅनचं भाडं, वर ट्यूशन. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, आणि बियाणं-खताची रोकड लागते तीही तेव्हाच. पेरणी आणि ॲडमिशन एकाच खिशातून. किती घरांत फीचा पहिला हप्ता पीककर्जातून जातो, हे सावकाराला विचारा.

कोणी म्हणेल, सिंगापूर बघा, तिथे सगळं इंग्रजीत आणि मँडरिनमध्ये, देश कुठल्या कुठे गेला. बघूच या. सिंगापुरातली बहुतेक चिनी घरं होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज बोलायची. शाळेत मात्र इंग्रजी आणि मँडरिन, म्हणजे घरी न बोलल्या जाणाऱ्या दोन भाषा. गोह केंग स्वी हे तिथले उपपंतप्रधान. १९७९ साली त्यांच्या समितीचा अहवाल आला. ८५ टक्के मुलांना अशा भाषांतून शिकवलं जातंय ज्या ती घरी बोलत नाहीत, आणि खूप मुलं शाळा संपवूनही दोन्ही भाषांत कच्ची राहतात, असं त्यात सरकारनेच मान्य केलं. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या, पैसेवाल्या सरकारला ही कबुली द्यावी लागली. पुढे तिथे इंग्रजी रुजली हे खरं, पण त्याला पिढ्या लागल्या, आणि त्या वाटेत आजी-नातवाचं बोलणं तुटलं. सेलू तालुक्यातल्या एका संस्थाचालकाच्या टिनाच्या शेडमध्ये हे सगळं तीन वर्षांत होणार आहे का?

आता जरा आपल्या अभिमानाबद्दल. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि अख्खा महाराष्ट्र पेटला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि शेवटी २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. बरं झालं. मीही विरोधातच होतो. पण तेव्हा आपण काय म्हणत होतो? सहा वर्षांच्या लेकरावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको. मान्य. आठवड्यातल्या काही तासिकांचं ओझं नको, पण नर्सरीपासून अख्खी शाळाच परक्या भाषेत चालेल? त्यावर मोर्चा नाही, पोस्ट नाही, बॅनर नाही. उलट, मराठीसाठी घसा फोडणाऱ्यांची मुलं कुठं शिकतात यावरच चर्चा झडली. मला ती चर्चा बिनकामाची वाटते. त्यांच्या मुलांना खरोखर इंग्रजी बोलणारे शिक्षक मिळाले, घरात पुस्तकं मिळाली. नक्कल आपल्या वाट्याला आली.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "तुम्ही मातृभाषेचं प्रवचन द्या, आणि साहेबांची पोरं इंग्रजी शिकून साहेब होऊ द्या, आम्ही राहतो इथंच." वस्तीतले कार्यकर्ते हे मला तोंडावर म्हणतात, आणि त्यांचा राग रास्त आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकायला सांगितलं, ते उगाच नाही. आपल्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. सात वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण आणि तेही मातृभाषेतून, असं तिथे ठरलं. नई तालीम ती हीच. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हाताचंच काम करायला लावलं, त्यांना त्या योजनेतली टकळी आणि सूत पाहून शंका आली, तर चूक काय?

म्हणून स्पष्ट बोलतो. इंग्रजी हवीच. चांगली, बोलता येणारी, अर्ज लिहिता येईल आणि मुलाखत देता येईल अशी हवी. पण इंग्रजी शिकणं आणि सगळं इंग्रजीतून शिकणं या दोन गोष्टी एक नाहीत. दुकानदारांनी मुद्दाम त्या एक करून विकल्या. (आणि बोरच्या काठावरच्या ज्या घरांत अजून गोंडी कानावर पडते, तिथल्या लेकरांना पहिलीत मराठी पुस्तकसुद्धा परकंच असतं, हेही आपण मराठीवाले विसरतो.)

'लहानपणी नाही शिकलं तर कधीच येणार नाही' ही भीतीही तशीच विकलेली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. तिथे जाऊन चिनी शिकले, त्याच भाषेत रुग्ण तपासले, विद्यार्थ्यांना शिकवलं. लांब कशाला, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात आजही मोठी मुलं चिनी शिकतात. नर्सरीत टाय लावून नाही.

राग काढायचा असेल तर इथे काढा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. पंचवीस वर्षं झाली. शिकवणाऱ्याला ती बोलता येते का, हे कोणत्या सरकारने तपासलं? एका गुरुजीकडे दोन-तीन वर्ग, वर निवडणुकीची कामं, पोषण आहाराचा हिशोब, रोजची ऑनलाइन माहिती. त्यात मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात. पट घटतो कारण पोरं व्हॅनमध्ये बसतात, आणि पोरं व्हॅनमध्ये बसतात कारण शाळेत गुरुजी नाही. हे चक्र सरकारला तोडायचं नाही, कारण प्रत्येक फेरीत त्याचा पगार वाचतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात निदान एक असा शिक्षक द्या जो खरंच इंग्रजी बोलतो, आणि तो फिरता ठेवून रोज तासभर पोरांशी फक्त इंग्रजीत बोलू द्या. गणित-विज्ञान मुलाच्या भाषेत राहू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत आपलीच माणसं आहेत, ठराव करायला कोणी अडवलेलं नाही. हिंगणीच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, सही करायला या.

तोवर इंग्लिश स्कूलमध्ये ॲडमिशन घ्यायला जाणार असाल, तर फी विचारायच्या आधी म्हणा, "आम्हाले पहिलीच्या वर्गात दहा मिनिटं मागं बसू द्या." मॅडम पोरांशी इंग्रजीत बोलते का, आणि पोरं उलट काही विचारतात का, एवढंच पाहा. बसू देत नसतील तर पैसे खिशातच ठेवा, कृषी केंद्रात लागणारच आहेत.