वृद्धाश्रम पाहायला जाताना

गोंदिया हे हावडा-मुंबई लोहमार्गावरचं जंक्शन. मुलं याच गाड्यांनी नागपूर-पुण्याला नोकरीला जातात आणि मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी कधीतरी वृद्धाश्रमाची चौकशी सुरू होते.

पहिला प्रश्न महिन्याच्या खर्चाचा. मग बाकीचे: रात्री छातीत दुखलं तर डॉक्टर किती वेळात येईल? न्हाणीघरात धरायला दांडी आहे का? धानाच्या मुलखातल्या माणसाला दोन्ही वेळा भात मिळेल? झाडीबोली समजणारं कुणी असेल?

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांच्या आश्रमाची तरतूद आहे. पैसे मोजणाऱ्या कुटुंबांना मात्र पारख स्वतःच करावी लागते.

त्यांनी जेवणाच्या वेळी, न कळवता जावं. आईवडिलांना सोबत न्यावं. शेवटचा होकार त्यांचाच असावा.