एरंडाचें तेल आणि यंत्राचें वंगण

"ओसाड गावीं एरंड बळी" ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारली, त्याच्या मनांत एरंडाविषयीं आदर खचित नव्हता. परंतु यंत्रांच्या गांवीं या पोकळ खोडाच्या झाडाची योग्यता अगदीं निराळी आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ज्या विमानांचीं इंजिनें पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरत, त्यांस एरंडेलाचेंच वंगण लागे; कारण तें पेट्रोलांत सहजासहजीं विरघळत नाहीं. वेकफील्ड यांच्या इंग्रज कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलास 'कॅस्ट्रॉल' हें नांव दिलें, तेंही एरंडाच्या इंग्रजी नांवावरूनच. आज जगांतील एरंडाच्या पिकाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग एकट्या हिंदुस्थानांत, आणि त्यांतलाही बहुतेक गुजराथेंत, निघतो. असें असतां आमचा कारखानदार वंगण घ्यावयास निघाला म्हणजे खनिज तेलापलीकडे त्याची दृष्टि जात नाहीं. आणि ज्या कच्च्या खनिज तेलापासून तें निघतें, त्याचा फार मोठा भाग आम्ही परदेशांतून आणितों. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, दुसरें काय?

मात्र सर्व वंगणांविषयीं एका दमांत बोलण्यांत अर्थ नाहीं. मोटारीच्या इंजिनांतलें तेल बंद पेटींत राहतें. तें काळें पडलें म्हणजे काढून घेतां येतें, शुद्धही करितां येतें. परंतु दुसऱ्या एका जातीचें वंगण असें आहे कीं, तें एकदां घातलें म्हणजे परत येतच नाहीं. साखर कारखान्याच्या चरकाचे अवजड रूळ ज्या बेअरिंगांत फिरतात त्यांतलें तेल, उघड्या दात्यांच्या चाकांवर थापलेलें काळें ग्रीस, लांकूड कापणाऱ्या करवतीच्या सांखळीचें तेल, आगगाडीच्या रुळांस वळणावर लाविलेलें ग्रीस, मच्छीमारी होडीच्या पंख्याच्या दांड्यास चोपडलेलें वंगण, हें सारें शेवटीं मातींत, नाल्यांत किंवा समुद्रांतच जावयाचें. तें खनिज असेल तर तेथें दीर्घकाळ टिकतें. साखर कारखान्याच्या सांडपाण्यांत लिटरामागें १० मिलिग्रॅमहून अधिक तेल व ग्रीस असूं नये, असा सरकारी नियम आहे. पण नाल्याच्या तोंडाशीं तेल गाळीत बसण्यापेक्षां चरकावरच दुसरें तेल घालावें, हा विचार आमच्या सहकारी संचालकांच्या सभांत कितीसा होतो?

यावर अनुभवी यंत्रज्ञ आक्षेप घेतील, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नाहींत. वनस्पतीचें तेल उष्णतेनें व हवेनें दाटतें, त्याचा चिकटा होतो. तेलाच्या जुन्या बरणीच्या तोंडाशीं बोट फिरविणाऱ्या कोणाही गृहिणीस हें ठाऊक आहे. पाण्याशीं दीर्घकाळ संबंध आल्यास त्यांत आम्ल उत्पन्न होतें. फार थंडींत तें गोठतें. हे तिन्ही दोष आम्हांस मान्य आहेत. परंतु ते कोठें लागू पडतात हें पाहिलें पाहिजे. थंडीची अडचण युरोपची. गळिताच्या हंगामांत कोल्हापूर-सांगलीकडे कितीही गारठा पडला तरी तेल गोठण्याइतका पडत नाहीं. चिकट्याचा दोष, जेथें तेंच तेल महिनोन्महिने तापत फिरतें, तेथें घातक ठरतो. पण जें तेल बेअरिंगांतून गेलें कीं सांडून जावयाचें, त्यास खराब होण्यास सवड कोठें आहे? पाण्याचा दोष मात्र खरा, आणि पिंपें कोरड्या जागीं झांकून ठेवण्याची शिस्त पाळावीच लागेल. उलट या तेलाचा एक मोठा गुण असा कीं, त्याचा रेणू एका टोकानें धातूस धरून बसतो, म्हणून त्याचा पातळ थरही झीज आवरतो. बैलगाडीच्या आसास एरंडेल घालणाऱ्या आमच्या आजोबांस रेणू ठाऊक नव्हता, गुण ठाऊक होता.

आतां व्यापाऱ्यांसाठीं दोन शब्द. एरंडेलांत रिसिनोलेइक नांवाचें आम्ल शेंकडा ८५ ते ९० असतें. असें दुसरें तेल बाजारांत नाहीं. तेलास हायड्रोजन देऊन जें कठीण आम्ल मिळतें, त्याचा लिथियमशीं साबण करून जगांत सर्वांत अधिक खपणारें ग्रीस बनतें. याच तेलापासून सेबॅसिक आम्ल निघतें, व त्याच्या एस्टरांचीं वंगणें अतिथंडींतही पातळ राहतात. यांपैकीं पहिलें काम गुजराथेंतील कांहीं कारखाने करितात, नाहीं असें नाहीं. परंतु सेबॅसिक आम्लाचा धंदा मुख्यतः चीननें आपल्या हातीं घेतला आहे, आणि त्यास लागणारें एरंडेल त्यास विकणारे आम्हीच! कापूस मँचेस्टरला पाठवून धोतरजोडा विकत घेण्याचें जुनें दुःख ज्यांनीं पुस्तकांत वाचलें आहे, त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य केली पाहिजे. खाण्याच्या तेलापैकीं निम्म्याहून अधिक आम्ही बाहेरून आणितों, तेव्हां सोयाबीन-सूर्यफुलाचें तेल यंत्रांत ओतणें शुद्ध अविचार होय. एरंड, करंज, कोंकणांतील उंडी, हीं अखाद्य तेलेंच या कामीं योग्य. त्यांतही मोगली एरंडाचा धडा विसरतां कामा नये. २००३ नंतर त्या झाडाच्या डिझेलाचा केवढा गाजावाजा झाला! २००९ च्या धोरणांत २०१७ पर्यंत शेंकडा २० मिश्रणाचें ध्येय ठरलें. त्यांतलें फारसें कांहीं साधलें नाहीं, आणि पडीक जमिनींत तीं झाडें लावणारा शेतकरी बियांस गिऱ्हाईक शोधीत राहिला. म्हणून आधीं खप, मग लागवड, हाच क्रम आम्हांस इष्ट वाटतो.

तसेंच 'हरित' अशी चिठ्ठी डकविलेल्या प्रत्येक डब्यावर विश्वास ठेवूं नये. मूळ तेल वनस्पतीचें असून त्यांत मिसळलेलीं द्रव्यें जलचरांस विषारी असूं शकतात. पाण्यांत २८ दिवसांत निदान शेंकडा ६० विघटन झाल्याचा दाखला विक्रेत्यापासून मागावा, आणि विषबाधेच्या परीक्षेचाही. ऑस्ट्रियानें करवतीच्या सांखळीस खनिज तेल वापरण्यास १९९२ सालींच बंदी केली; अमेरिकेनें २०१३ पासून मोठ्या जहाजांच्या समुद्राशीं भिडणाऱ्या भागांस विघटनशील वंगणाची सक्ति केली. आमच्याकडे १९९१ सालीं निघालेल्या 'इकोमार्क' योजनेंत वंगण तेलेंही होतीं. पण तें चिन्ह असलेला डबा आमच्या किती वाचकांनीं दुकानांत पाहिला आहे?

भाव अधिक पडतो हें खरें, कित्येकदां दुप्पटही. म्हणून साऱ्या कारखान्यानें एकदम बदल करावा असें आम्ही म्हणत नाहीं. एका सहकारी साखर कारखान्यानें येत्या गळीत हंगामांत चरकांच्या रांगेंतील एकाच चरकास हें तेल द्यावें, शेजारच्या चरकास नेहमींचें द्यावें, आणि दोहोंचा खर्च, बेअरिंगाची झीज व नाल्यांतील तेलाचें प्रमाण दर आठवड्यास वहींत लिहावें. हंगाम संपल्यावर ती वही सभासदांच्या वार्षिक सभेपुढें ठेवावी. या प्रयोगास कारखान्याच्या यंत्रविभागाखेरीज कोणाचीही परवानगी लागत नाहीं.