काडतुसाचा हिशेब

मागील महिन्यात तुर्भ्याच्या मसाला मार्केटातील आमचे एक स्नेही दुकानी आले. वसुलीच्या रकमा घेऊन रात्री-बेरात्री फिरावे लागते म्हणून त्यांनी बऱ्याच खटपटीनंतर शस्त्राचा परवाना मिळवला होता. रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे याची चौकशी त्यांनी चार महिने केली. पण "गोळी कोणती घेणार?" असे आम्ही विचारताच ते हसले. म्हणाले, "भाईसाहेब, गोळी ती गोळी. दुकानदार देईल ती."

सुताचा काउंट आणि कापडाचा पन्हा तपासल्याशिवाय जो व्यापारी माल उचलत नाही, तो जिवाच्या हिफाजतीची वस्तू अशी डोळे मिटून घेतो याचे आम्हाला नवल वाटले. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आपल्याकडे ९ एमएमचे पिस्तूल सर्वसामान्य परवानाधारकास मिळत नाही. तो प्रतिबंधित बोअर आहे. व्यापाऱ्याच्या वाट्याला बहुधा ३२ बोअरच येतो. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने काढलेले, अर्धा किलो वजनाचे आणि तेव्हा सुमारे सव्वा लाख रुपये किमतीचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही ३२ बोअरचेच. मात्र '३२ची गोळी' एवढे म्हणून भागत नाही. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब असते. त्याची शिशाची गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. पिस्तुलाचे काडतूस आखूड, गोळी ७१ ग्रेनची, पण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त. दोन्हींना लोक ३२च म्हणतात आणि पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधी कधी बसतेही. बसले म्हणून चालते असे मुळीच नाही. नळीवर कोरलेले नाव आणि डबीवरचे नाव जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या वयाची. इथे आमचीच चूक सांगतो. आम्ही परवाना घेतला तेव्हा चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे खोचून तो पट्टा कपाटात टांगला आणि कित्येक वर्षे त्याकडे पाहिले नाही. वाशीची खाडीची हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. चामड्यातील अंशाने पितळेवर हिरवी बुरशी चढली. पुढे एकदा रेंजवर सराव करताना त्यांतील सहा काडतुसे भरली, तर दोन फुसकी निघाली. नुसता खटका वाजला. हाच खटका अंधारात चोरासमोर वाजला असता तर? त्या दिवसापासून आम्ही काडतुसे मूळ डबीतच, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणारी पुडी घालून ठेवतो. जुनी रेंजवर उडवून संपवतो आणि नवी घेतो. सरावात बार फुसका गेला तर नळी निशाणाकडेच रोखून अर्धा मिनिट थांबावे. कधी कधी बार उशिराने उडतो.

आता आमच्या स्नेह्यांचा पुढचा प्रश्न. परदेशातून आलेल्या कोणी त्यांना सांगितले होते, की स्वसंरक्षणासाठी टोकाला पोकळी असलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळीच हवी. अशा फुलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्याच देशातला आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात इंग्रजांनी ती १८९६-९७च्या सुमारास तयार केली, आणि १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिच्या वापरावर बंदी आली. तरीही अमेरिकेचे पोलीस तीच वापरतात, कारण फुललेली गोळी अंगात थांबते. साधी गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. रणांगणावर मागे शत्रू असतो. बाजारात मागे गिऱ्हाईक असते.

विचार योग्य आहे, पण तो ३२ला पुरता लागू पडत नाही. १९८६च्या मायामीतील चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने माप ठरवले, की जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच शिरावी. ३२ बोअरचा जोर मुळात बेताचा. त्यातील पोकळ टोकाची गोळी कधी फुलतच नाही, आणि फुलली तर पुरेशी आत जात नाही. म्हणून आमचे मत असे, की ३२साठी परदेशी मालाच्या मागे लागू नये. परवानाधारक विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, ताज्या उत्पादनाची सरकारी कारखान्याची साधी काडतुसे घ्यावीत. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. त्याच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ'चा ठसा असतो. त्यांतील काही सरावात उडवून पाहावीत, मगच बाकीच्यांवर भरवसा ठेवावा.

पण मग मागच्या माणसाचे काय? ते काम कोणतीही गोळी करणार नाही, ते आपल्यालाच करावे लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४४ प्रमाणे, जिवावरच्या हल्ल्यात दुसरा उपायच नसेल तर निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करूनही बचाव करता येतो. जमावात लहान मुले मिसळली असताना झाडलेल्या गोळीचा दाखला कायद्यानेच दिला आहे. कायदा माफ करील. पण ज्या आईचे मूल गेले तिच्यासमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार? म्हणून आमचा नियम सरळ आहे. भरल्या बाजारात शस्त्र बाहेर काढायचे नाही. रकमेची पिशवी मागितली तर देऊन टाकायची. पैसा पुन्हा उभा राहतो, तिजारत पुन्हा उभी राहते. शस्त्र फक्त जिवावर बेतले तर, आणि मागे कोण आहे ते दिसत असेल तर. आणि हेही पाहावे, की वसुली बँकेतून किंवा मोबाइलवरून होत असेल तर रात्री पिशवी घेऊन फिरण्याची गरज किती उरते.

शेवटी हिशेब. एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेले असते. प्रत्येक खरेदीची नोंद आणि बिल जपावे. विनापरवाना एक काडतूसही गुन्हा ठरते. तेव्हा ते मुलाच्या किंवा नोकराच्या हाती देऊ नये, आणि सुरतेला विमानाने निघण्याआधी बॅगेचे खण झटकून पाहावेत. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत बार काढणाऱ्यास २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही ठेवले आहे. हवेत गेलेली गोळीही कोठेतरी खाली येतेच.

आमच्या स्नेह्यांनी अखेर एक डबी ताजी काडतुसे घेतली आणि रेंजवर जाऊन आले. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "भाईसाहेब, आता पिशवी घेऊन एकटा निघत नाही." आम्हाला बरे वाटले. परवाना ही अमानत आहे. तिचा हिशेब डबीतल्या शेवटच्या काडतुसापर्यंत द्यावा लागतो.