मज्जारज्जू जोडला जाईल तेव्हा जाईल; तोवर काय?

भात कापताना विळा लागून मनगटाजवळचा चेतातंतू तुटला, तर डॉक्टर तो शिवतात आणि तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगाने बोटांकडे पुन्हा वाढू लागतो. तोच माणूस जांभळाच्या झाडावरून पडला आणि मणका मोडून आतला मज्जारज्जू चिरडला, तर मात्र पाय परत येत नाहीत. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर झाडावर चढणे हा छंद नव्हे, पोटाचा प्रश्न आहे. कसारा आणि माळशेज घाटांतले अपघात आहेतच.

एकाच शरीरात असा भेद का? मज्जारज्जूतल्या तंतूंना वाढताच येत नाही, असे फार काळ मानले जाई. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांमध्ये पायाच्या चेतातंतूचा तुकडा पुलासारखा बसवून पाहिला, तर तेच तंतू त्या पुलातून वाढत गेले. म्हणजे दोष केवळ तंतूचा नव्हता, भोवतालचाही होता. मज्जारज्जूत इजेनंतर दाट व्रण तयार होतो आणि तंतूंवरच्या आवरणात वाढ रोखणारी रसायने असतात. त्यांतले 'नोगो' नावाचे प्रथिन स्वित्झर्लंडच्या मार्टिन श्वाब यांच्या संशोधनातून पुढे आले. ते अडवणारे औषध युरोपात मानेला नुकतीच इजा झालेल्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशेब केला तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. रज्जू अर्धवट शाबूत असलेल्यांत थोडी आशा दिसली. जपानमध्ये मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी चार रुग्णांना दिल्या गेल्या. त्यांतला एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. बातमी मोठी, पण चार जणांची.

नेमका याच आशेचा बाजार मांडला जातो. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला की कोणीतरी 'स्टेमसेलचे इंजेक्शन' सुचवतो आणि जमिनीचा तुकडा विकायला निघतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. पैसे मागितले की ती चाचणी नव्हे, एवढे गावातल्या आशाताईंनी सांगितले तरी एखाद्या घराची जमीन वाचेल.

संशोधन थांबवा, असे कोणी म्हणणार नाही. पण सरकारी आरोग्य व्यवस्थेने प्रयोगशाळेकडे डोळे लावून बसावे, हे पटणारे नाही. कारण बरेच नुकसान त्याआधी, रस्त्यावरच होते. रस्ता नसलेल्या पाड्यावरून रुग्णाला झोळीत घालून खाली आणतात. बाळंतिणीसाठी ती नाइलाजाची सोय असेल, पण मोडलेला कणा झोळीत वाकतो आणि अर्धवट शाबूत असलेला रज्जूही तुटू शकतो. दाराची फळी किंवा सपाट पाट, मान न हलू देणारे दोन हात, आणि चौघांनी एका लयीत उचलणे, एवढे प्रशिक्षण प्रत्येक पाड्यावरच्या चार तरुणांना देणे महाग नाही. वर नमूद केलेल्या चाचणीतही आशा दिसली ती अर्धवट शाबूत रज्जू असलेल्यांतच, हे इथे आठवावे.

आणि नंतरची वर्षे? रुग्ण दगावतो तो बहुतेकदा रज्जूमुळे नव्हे, पाठीवरच्या चिघळलेल्या जखमांमुळे आणि लघवीच्या संसर्गामुळे. दर दोन तासांनी कूस बदलणे, स्वच्छ नळीने ठरल्या वेळी लघवी काढणे, सांधे आखडू नयेत म्हणून रोज हालचाल. हे शिकायला आज शहापूरच्या माणसाला मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेपर्यंत जावे लागते, तेही चाकाच्या खुर्चीवरून आणि लोकल गाडीतून. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट आणि लघवीच्या नळ्यांचा नियमित साठा, ही मागणी अवाजवी नाही. उद्या उपचार सापडलाच, तर तो ज्यांचे सांधे मोकळे आणि मूत्रपिंडे शाबूत आहेत, त्यांनाच उपयोगी पडेल.