शर्यत संपल्यावर बैल कुठे जातो?

कोंढव्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुसलमानाने बैलगाडा शर्यतीवर बोलावं, याचं माझ्या मित्रांना हसू येतं. त्यांना ठाऊक नसतं की माझे आजोबा खेड तालुक्यातले नालबंद. चाकणच्या शनिवारच्या बैलबाजारात बैल आडवा पाडून, पाय बांधून ते नाल ठोकायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ नाल. हे गणित मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की ते मला खांद्यावर बसवून घाटात न्यायचे. आमच्या भागात शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात, ती चढाची असते. चार बैल जुंपलेले, पुढे जुकाटाची जोडी, मागे धुरेची. गाड्यावर हाकणारा कोणी नाही, पुढे फक्त घोडीवरचा स्वार. ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठायची आणि बारा-तेरा सेकंदांत बारी संपलेली. भंडाऱ्याने सगळी हवा पिवळी. लोक घड्याळाकडे बघायचे, आजोबा खुरांकडे. परत आलो की दादी माझी पिवळी झालेली टोपी बघून म्हणायची, “आधी अंग झटक, मग आत ये.”

तेव्हा शर्यतीचा म्हणून वेगळा बैल नसायचा. सोमवारी नांगराला असलेला बैलच यात्रेच्या दिवशी घाटात. अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती होतात. नावाचा अर्थ, दुकानात मिळते तशी गाडी. १९४८ साली नास्कार ही संस्था स्थापन झाल्यावर सुरुवातीची बरीच वर्षं खरंच रस्त्यावरच्या गाड्या धावत. आज त्या नावापुरत्याच तशा, आतून सगळं शर्यतीसाठीच बांधलेलं. आमच्या बैलाचंही तेच झालं. नांगर ट्रॅक्टरने नेला आणि बैल फक्त घाटाचा उरला. फरक इतकाच की जुनी गाडी पत्रा टाकून झाकता येते. बैलाला रोज वैरण लागते.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा मी हळहळलो. पण निकाल चूक आहे, असं म्हणायला तोंड उघडेना. पराणीची आर टोचताना, शेपटी पिळताना मी पाहिलं होतं, आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, मारहाणीला मनाई. अटी चांगल्याच आहेत, पण साऱ्या घाटातल्या. घाटाबाहेर आल्यावर बैलाचं काय?

मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. हा विषय निघाला की सगळे आमच्याकडे, म्हणजे कुरेशींकडे आणि मग सरसकट मुसलमानांकडे बघतात. खाटकाचा धंदा बुडाला हे खरंच. पण म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घेण्याची शेतकऱ्याची सोयही त्याच दिवशी गेली, त्याबद्दल घाटातल्या व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. तिथे जेसीबी, बोलेरो असली बक्षिसं पुकारली जातात. बैलावर प्रेम आहे, असं माइकवर सांगणं सोपं असतं.

गेल्या वर्षी एका यात्रेत मी एका गाडामालकाला विचारलं, “तुमचा तो ‘घाटाचा राजा’ झालेला कोसा बैल दिसत नाही?”

“दिला.”

“कुणाला?”

“अहो चाचा, बारी सुटतेय, बघा की,” म्हणत तो पुढे सरकला.

शर्यत बंद करा, असं मी म्हणणार नाही. खिल्लार दावणीला टिकून आहे त्यात शर्यतीचा वाटा मोठा आहे, आणि माझं बालपणही त्या धुळीत आहे. पण बक्षिसाच्या रकमेतला दहावा हिस्सा थकलेल्या बैलांच्या चाऱ्यासाठी बाजूला काढायला आयोजकांना काय हरकत आहे? नोंदणी करतानाच मालकाला विचारावं, मागच्या खेपेला पळालेला बैल आज कुठे आहे? जिवंत असेल तर पहिली बारी सुटण्याआधी त्याला घाटातून चालवत न्यावं. हळूहळू, घड्याळ न लावता. तेवढ्यासाठी मी कोंढव्याहून पहाटेच्या एसटीने यायला तयार आहे.