पुसट खुणांचा हिशेब

अरबी समुद्रात सुमारे १५० मीटर खोलीखाली प्राणवायू नाममात्र उरतो. तो न मिळाल्याने तेथील जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नत्र वायुरूपाने निसटतो. ही घट थेट मोजणे अवघड. म्हणून शास्त्रज्ञ समस्थानिकांचा आधार घेतात. निसर्गातील ९९.६ टक्के नत्र हलक्या, नत्र-१४ या प्रकारचा असतो. जिवाणू तोच आधी उचलतात व उरलेल्या नायट्रेटमध्ये जड नत्र-१५ वाढत जातो. जितकी वाढ, तितकी घट!

हिशेब इतका सरळ नाही. हलक्या-जडाची ही निवड प्रयोगशाळेत दर हजारी ५ ते २५ इतकी बदलताना दिसली आहे. पेशीत शिरलेल्या नायट्रेटपैकी काही न वापरता बाहेर पडले, तरच तिची खूण पाण्यात उमटते. टंचाईत सगळेच वापरले गेले, तर खूण पुसट होते. (उपाशी माणूस ताटातले निवडून कुठे खातो?) मग तेवढ्याच खुणेमागे घट प्रत्यक्षात अधिक असते, म्हणजे आकडे धोका कमी दाखवतात.

कोकण-गोव्याला हा वाद परका नाही. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये पश्चिम किनाऱ्यालगत वाढत्या प्राणवायूटंचाईची आणि नायट्रस ऑक्साइडच्या मोठ्या उत्सर्जनाची नोंद केली. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांवर तेव्हाच संशय व्यक्त झाला होता. त्याची शहानिशा खुल्या समुद्राचा गुणक उथळ किनाऱ्याला लावून होणार नाही. पावसाळ्याअखेर तेथे तळाशी नायट्रेट पार संपते.